ऑगस्टमधला बर्फ : हिरोशिगेचं एक चित्र आणि माझा फसलेला पुरावा

आधी चित्र उघडा, मग पुढचं वाचा. नाव 'असाकुसा किन्र्युझान', चित्रकार उतागावा हिरोशिगे, मालिका 'एदोतली शंभर प्रसिद्ध स्थळं'. ब्रुकलिन म्युझियमच्या संकेतस्थळावर ही सगळी मालिका मोठ्या आकारात आहे, तिथलीच प्रत घ्या. आणि मोबाईलवर नको. कॉम्प्युटरवर उघडा, कारण पुढे आपल्याला चित्राच्या मधोमध नाही तर कडांकडे बघायचं आहे.

दिसलं? वरून खाली उतरलेला एक प्रचंड लाल कंदील. इतका मोठा की तो चौकटीत मावतच नाही, वरचा भाग कापला गेलाय. डावीकडे दरवाज्याचं लाल लाकूडकाम. म्हणजे आपण, बघणारे, त्या दरवाज्याच्या छपराखाली उभे आहोत. समोर बर्फाने भरलेला रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली झाडं, छत्र्या घेतलेली माणसं, लांबवर दुसरा लाल दरवाजा आणि उजवीकडे पाचमजली पॅगोडा. वर करडं आकाश. हा जो पांढरा रंग दिसतोय तो रंग नाहीच. तिथे काही छापलेलंच नाही, तो कोरा कागद आहे. मला या चित्रातली सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच.

हे असाकुसाचं सेन्सो-जी. ज्या दरवाज्याखाली आपण उभे आहोत तो कामिनारीमोन. लोक बिनधास्त 'जपानी श्राइन' म्हणून हे चित्र शेअर करतात आणि मग कुणीतरी जाणकार खाली लिहितो, "श्राइन नाही, बौद्ध मंदिर आहे." तो जाणकार बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही. सेन्सो-जी बौद्ध आहे, पण ज्या दरवाज्याखाली आपण उभे आहोत त्याच्या दोन्ही बाजूंना वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव उभे असतात. देवळाला लागूनच असाकुसाचं शिंतो देवस्थान आहे. ज्या कोळी भावांच्या जाळ्यात सेन्सो-जीची मूर्ती सापडली अशी कथा आहे, त्यांचीच तिथे पूजा होते. या दोन गोष्टींमध्ये सरकारने कडक रेघ ओढली ती १८६८ नंतर. चित्र १८५६ चं आहे. तेव्हा तिथे येणाऱ्या माणसाला आपण देवस्थानात आहोत की विहारात, हा प्रश्न आपल्याइतका टोचत नसणार. प्रबंधात वर्गीकरण लिहिताना हे लक्षात ठेवा : आपले रकाने बऱ्याचदा वस्तूपेक्षा वयाने लहान असतात.

आता मुद्द्यावर येते. या चित्रावर मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद लिहिला होता आणि तो मला काढावा लागला. का काढावा लागला ते सांगते, कारण तुमच्यापैकी जे आत्ता 'पेट' देऊन प्रस्ताव लिहायला बसलेत, ते हीच चूक कुठल्या ना कुठल्या चित्रावर, कवितेवर किंवा शिलालेखावर करणार आहेत.

परिच्छेदाची सुरुवात एका शिक्क्यापासून होती. त्या काळात छापायचं चित्र आधी सेन्सॉरला दाखवावं लागे. चित्रकाराने पातळ कागदावर केलेलं रेखाटन मंजूर झालं की त्यावर तपासणीचा आणि तारखेचा असे शिक्के पडत. मग ते रेखाटन चेरीच्या लाकडी ठशावर पालथं चिकटवायचं आणि रेषा शिल्लक ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचं. मूळ रेखाटन त्यातच संपतं. शिक्केही रेषांबरोबर लाकडात कोरले जातात. आपल्या चित्रावर हे शिक्के वरच्या समासात आहेत. ब्रुकलिनच्या संचात डावा समास पुन्हा बांधणी करताना कापला गेला, त्यामुळे प्रकाशक उओया एईकिचीचा शिक्का गेला. वरचे शिक्के मात्र वाचले. तारखेचा शिक्का सांगतो : ड्रॅगनचं वर्ष, सातवा महिना.

सातवा महिना म्हणजे जुलै असं लिहिणारे लेख मी स्वतः वाचलेत. तुम्ही लिहू नका. जपानने ग्रेगोरियन कालगणना घेतली १८७३ मध्ये. त्याआधीचे महिने चांद्र होते, अमावास्येला सुरू होणारे, आणि गणित जुळवायला मध्येच अधिक महिना घालणारे. आपल्या घरातल्या कालनिर्णयाच्या आधाराने हे आपल्याला पाश्चात्त्य अभ्यासकापेक्षा पटकन कळतं, एवढा तरी फायदा घेऊया. त्या वर्षीचा सातवा महिना म्हणजे साधारण ऑगस्ट १८५६. आपल्याकडे तेव्हा श्रावण चालू होता.

ऑगस्टमध्ये बर्फ! इथे माझे कान उभे राहिले.

त्यात आणखी एक गोष्ट वाचनात आली होती. १८५५ च्या नोव्हेंबरमध्ये, रात्री दहाच्या सुमारास, एदोला मोठा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, आगी लागल्या. सेन्सो-जीचा पॅगोडा पडला नाही, पण त्याच्या टोकावरचा धातूचा कळस वाकला. पुढच्या वर्षी, आपलं चित्र मंजूर होण्याच्या थोडंसंच आधी, तो दुरुस्त झाला. चित्रात कळस सरळ आहे. आणि जपानमध्ये लाल-पांढरा ही मंगल कार्याची जोडी. यावरून एक मांडणी केली गेली आहे, २००७ मध्ये जपानी भाषेत तिच्यावर पुस्तकही आलं : ही मालिका म्हणजे भूकंपानंतर पुन्हा उभ्या राहणाऱ्या शहराची बातमी आहे, आणि हे चित्र म्हणजे दुरुस्त झालेल्या पॅगोड्याचं अभिनंदन.

मांडणी सुंदर आहे. मालिकेतली पहिली चित्रं १८५६ च्या दुसऱ्या महिन्यातली, म्हणजे भूकंपानंतर फक्त चार महिन्यांनी. हिरोशिगे स्वतः आग विझवणाऱ्या दलातल्या नोकरदार घराण्यातला. सगळं कसं जुळून येतं. मी ती उचलली, वर माझी भर घातली : भर उन्हाळ्यात मुद्दाम बर्फ काढला, कारण लालावर पांढरं हवं होतं. ऋतूशी विसंगती हाच संकेत. दोन पानं लिहिली. तेव्हा मला ती फार आवडली होती, हे कबूल करते.

सल्लागार समितीपुढे मांडणी झाली. पाच मिनिटं सगळे शांत होते. मग एका सदस्यांनी अगदी सहज विचारलं, "मॅडम, त्याच महिन्यात या मालिकेत दुसरं काय छापलं गेलं?"

मला माहीत नव्हतं. मी एकाच चित्राकडे बघत होते.

घरी येऊन मी शिक्के बघत बसले. हे काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. एक एक चित्र उघडायचं, शिक्क्यावरून वर्ष-महिना नोंदवायचा, चित्रातला ऋतू नोंदवायचा. तिसऱ्या-चौथ्या बर्फापर्यंत माझा युक्तिवाद वितळून गेला होता. निहोनबाशी पुलावरचा बर्फ : १८५६, पाचवा महिना. फुकागावाच्या लाकडाच्या वखारींवरचा बर्फ : १८५६, आठवा महिना. मेगुरोच्या गोल पुलावरचा बर्फ : १८५७, चौथा महिना. ही सगळी चित्रं उकाड्यात किंवा उकाड्याच्या तोंडावर मंजूर झालेली. म्हणजे 'भर उन्हाळ्यात बर्फ' ही या चित्रातली खास गोष्ट नाहीच, या मालिकेची ती सवय दिसते. उन्हाळ्यात बर्फाचं चित्र बघायला लोकांना बरं वाटत असेल किंवा प्रकाशक थंडीचा माल आधीच तयार करून ठेवत असेल. दोन्ही शक्यता माझ्या आहेत, त्या तशाच घ्या. पण या चारही बर्फांना चार दुरुस्त झालेल्या इमारती शोधत बसणं म्हणजे आपल्याला हवं ते चित्राकडून वदवून घेणं.

आणि त्या सदस्यांच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर? त्याच सातव्या महिन्यात कामेइदो तेन्जिनचं चित्र मंजूर झालं. हे मात्र नि:संशय शिंतो देवस्थान. विद्येचा देव मानला गेलेला सुगावारा नो मिचिझाने तिथला देव, आजही परीक्षेच्या आधी मुलं तेन्जिनला नवस बोलतात. (आपल्यापैकी कुणी तिकडे गेलं तर माझ्या नावाने एक पाटी टांगा.) चित्रात विस्टेरियाचे जांभळे झुपके लोंबतायत, मागे तळं, त्यावर अर्धगोल पूल. विस्टेरिया फुलतो वसंताच्या शेवटी. म्हणजे एकाच महिन्यात एकीकडे ऐन हिवाळा आणि दुसरीकडे सरता वसंत. ऋतूची विसंगती हा संकेत असेल तर दोन्हीकडे असायला हवा.

इथे थांबून एक फरक नीट बघा, कारण मी तो बघितला नव्हता. माझ्या परिच्छेदात दोन पुरावे होते आणि मी त्यांची एक मोळी बांधली होती. एक, कळसाची दुरुस्ती आणि चित्राची तारीख जवळजवळ येणं. दोन, उन्हाळ्यात बर्फ. पहिला पुरावा चित्राबाहेरचा आहे, तपासता येतो, आणि तो अजूनही उभा आहे. दुसरा चित्रातला आहे, दिसायला जास्त आकर्षक, आणि तुलना करताच पडला. मोळी बांधली की कच्ची काठी पक्क्या काठीच्या जोरावर उभी राहते. समितीने कच्ची काठी ओढली तेव्हा मला वाटलं सगळंच गेलं. सगळं गेलं नव्हतं.

पण पक्क्या काठीलाही एक खोड आहे. भूकंपाच्या मांडणीचे समर्थक म्हणतात, आपत्तीवर उघड चित्र काढायला मुभा नव्हती, म्हणून हिरोशिगेने आडून सांगितलं. यातला पहिला भाग खरा आहे. भूकंपानंतर जमिनीखालच्या राक्षसी माशाची, नामाझूची, चित्रं धडाधड विकली गेली. ती बिनशिक्क्याची, बिनसहीची होती आणि काही आठवड्यांत अधिकाऱ्यांनी ती बंद पाडली. पण आता दुसरा भाग तपासून बघा. चित्रात पडझड दिसली तर तो भूकंपाचा पुरावा, आणि दिसली नाही तर तोही पुरावाच, कारण दाखवायची सोय नव्हती! काहीही दिसलं तरी जी मांडणी खरी ठरते तिला धोका नाही, पण वजनही नाही. तुमच्या प्रस्तावात असं वाक्य असेल तर स्वतःला विचारा : काय दिसलं असतं तर मी हे मागे घेतलं असतं? माझं उत्तर आता ठरलंय. कळस दुरुस्त व्हायच्या आधीच्या शिक्क्याचं याच मालिकेतलं चित्र सापडलं आणि त्यातही तो सरळ असला, तर मी कळसावरचं वाक्यही खोडेन.

मध्येच दोन खड्डे दाखवून पुढे जाते. पहिला, या चित्राचा क्रमांक ९९ आहे. यावरून "मालिकेच्या शेवटी शेवटी हिरोशिगे बर्फाकडे वळला" असं लिहायचा मोह होतो. हा क्रमांक मालिका पूर्ण झाल्यावर ऋतूंप्रमाणे लावलेल्या अनुक्रमणिकेतला आहे. ९९ म्हणजे हिवाळ्याच्या गटातलं, एवढाच त्याचा अर्थ. क्रमांक १ असलेलं निहोनबाशी पाचव्या महिन्यातलं आहे, म्हणजे सगळ्यात आधीचं नव्हे. दुसरा खड्डा, आज तुम्ही असाकुसाला गेलात तर पॅगोडा डावीकडे दिसेल. म्हणून हिरोशिगेने जागा बदलली, रचनेसाठी स्वातंत्र्य घेतलं, असं लिहू नका. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुना पॅगोडा जळाला आणि १९७३ मध्ये नवा बांधला तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. कामिनारीमोनही १८६५ मध्ये जळून गेला होता, आजचा १९६० चा. स्वातंत्र्य हिरोशिगेने घेतलं नाही, इतिहासाने घेतलं. आणि हो, तारखेचा शिक्का ठशात कोरलेला असतो, म्हणून तो तुमच्यासमोरची प्रत कधी छापली हे सांगत नाही. ठसा झिजेपर्यंत तोच शिक्का छापला जातो.

मग माझ्या हातात काय उरलं? हा प्रश्न घेऊन मी पुन्हा चित्रासमोर बसले, आणि यावेळी कामेइदोचं चित्र शेजारी लावलं.

दोन्हीकडे तेच चाललंय. वरून काहीतरी लोंबतंय. इकडे कंदील, तिकडे फुलांचे झुपके. लोंबणारी वस्तू इतकी जवळ की हात लावता येईल, आणि तिच्या मागे, अचानक, सगळं जग लहान. मधलं अंतर गायब आहे. जवळचं आणि लांबचं यांच्यात आपल्याला पाऊल टाकायला जागाच नाही, डोळ्याला थेट उडी मारावी लागते. कामेइदोत ती उडी पुलावरच्या माणसांपर्यंत, असाकुसात छत्र्यांपर्यंत. आणि दोन्ही ठिकाणी देवाची इमारत चित्राच्या मध्यावर नाही. तेन्जिनच्या देवस्थानाचं चित्र म्हणावं तर मुख्य गाभारा दिसतच नाही. सेन्सो-जीचं म्हणावं तर मुख्य सभागृह दुसऱ्या दरवाज्याच्या मागे झाकलेलं. दिसतं काय, तर आत जायचा क्षण. पायरी ओलांडण्याआधीचा.

पुढे हीच युक्ती हिरोशिगेने टोकाला नेली. साधारण दीड वर्षाने आलेल्या कामेइदोच्या प्लमच्या बागेत एक वेडीवाकडी फांदी अख्खी चौकट अडवून बसते. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये तेलरंगात उतरवलेलं चित्र ते हेच. सगळे जण त्या फांदीबद्दल लिहितात. पण फांदीच्या आधी कंदील आहे, आणि त्याच महिन्यातले झुपके आहेत, आणि हे मला कुठल्याही पुस्तकाने नाही, शिक्क्यांच्या माझ्या त्या कंटाळवाण्या तक्त्याने दाखवलं.

आता भूकंपाच्या मांडणीला मी चित्राच्या बाजूने एक प्रश्न विचारू शकते, जो आधी सुचला नव्हता. पॅगोड्याचं अभिनंदन करायचं होतं, तर त्याला उजवीकडे लांब ढकलून एवढा मोठा कंदील डोळ्यांसमोर का टांगला? नजर पहिल्यांदा कुठे जाते ते स्वतःवर करून बघा. मी घरातल्या तिघांना चित्र दाखवून विचारलं (हे संशोधन नव्हे, संध्याकाळचा चहा होता). तिघंही आधी कंदिलाबद्दल बोलले, त्यावरच्या काळ्या अक्षरांबद्दल. ती अक्षरं देणगीदारांच्या वस्तीचं नाव सांगतात : शिनबाशी. पॅगोड्याबद्दल आपणहून कुणीच बोललं नाही. आई म्हणाली, "दाराशी उभं राहिल्यासारखं वाटतंय, छत्री उघडायच्या आधी." माझ्या दोन पानांत इतकं नेमकं एकही वाक्य नव्हतं.

यावर भूकंपवाले म्हणतील, एदोतल्या माणसाच्या डोळ्यात वाकलेला कळस अजून ताजा होता, त्याला तो लहान असला तरी दिसलाच असता. हे खरं असू शकतं. आपल्या गावातल्या देवळाचा कळस वाकून सरळ झाला असेल तर आपण तो कुठल्याही फोटोत आधी शोधू. म्हणून मी ती मांडणी फेटाळलेली नाही. पण चित्राची रचना तिच्या बाजूने साक्ष देत नाही, एवढं मी आता ठामपणे म्हणेन. बातमी चित्रात असेलही. चित्र बातमीसाठी रचलेलं नाही.

लाल-पांढऱ्या जोडीचं काय, असं कुणी विचारेल. देवळाचे दरवाजे लाल होतेच, बर्फ पांढरा असतोच. हिरोशिगेने हे देऊळ बर्फात याआधीही काढलं होतं, तेव्हा कुठलाही कळस वाकला नव्हता. मंगल जोडी म्हणून ती गिऱ्हाइकाला आवडली असेल, आवडली तर उत्तमच. पण जी गोष्ट भूकंपाशिवायही तशीच दिसली असती, ती भूकंपाचा पुरावा म्हणून मांडता येत नाही.

नव्या मसुद्यात त्या दोन पानांच्या जागी आता सव्वा पान आहे. त्यातलं पहिलं वाक्य दोन चित्रांबद्दल आहे : १८५६ च्या सातव्या महिन्यात हिरोशिगेने दोन धर्मस्थळांची चित्रं मंजुरीला दिली आणि दोन्हींत प्रवेशाची जागा लोंबणाऱ्या वस्तूने अडवली. दुसऱ्या वाक्यात ऋतू. कळस चौथ्या वाक्यात येतो, "शक्य आहे" या शब्दांसकट. 'संकेत' हा शब्द कुठेच नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत त्याच सदस्यांनी विचारलं की लोंबणाऱ्या वस्तूची ही युक्ती हिरोशिगेच्या आधीच्या मालिकांत किती ठिकाणी आहे. मी तक्त्यात एक नवा रकाना उघडलाय. सध्या त्यात अकरा नोंदी आहेत आणि १८३० च्या दशकातली चित्रं अजून बघायची आहेत.